जुना बेस घ्यायला निघताना: तारांपासून सुरू होणारी तयारी

वापरलेली बेस गिटार घ्यायची ठरली की बहुतेक जण ब्रँड, लाकूड आणि रंग यांची चौकशी करतात. माझी यादी तारांपासून सुरू होते. विकायला काढलेल्या बेसवर बहुधा जुनाट, काळवंडलेल्या, फ्रेटपाशी (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपाशी) दबलेल्या तारा असतात. अशा तारांवर चांगलं वाद्यसुद्धा मठ्ठ वाटतं आणि त्यांच्या बोथट आवाजाखाली एखादा खरा दोष सहज लपून जातो. म्हणून बघायला जाण्याच्या आधीच तारांच्या नव्या सेटचा आजचा भाव विचारून ठेवा. मुंबईत धोबी तलावच्या फुर्ताडोजपासून (हे दुकान १८६५ सालापासूनचं आहे) ते ऑनलाइन दुकानांपर्यंत कुठेही चौकशी करा, पण आकडा डोक्यात हवा. तो विकणाऱ्याने सांगितलेल्या किमतीत मिळवायचा आणि मग घासाघीस करायची.

फोनवरच विचारून घ्या: चार तारांचा आहे की पाच, ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) की पॅसिव्ह (बॅटरीशिवायचा), तारा शेवटच्या कधी बदलल्या, आणि वाद्य इतके दिवस कुठे ठेवलं होतं. शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो. पण पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर दोन उन्हाळे काढलेला बेस आणि खोलीत स्टँडवर उभा असलेला बेस यांच्या नेकमध्ये (तारांखालच्या लांब दांड्यात) जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. फोटो मागवाल तेव्हा समोरून काढलेला देखणा फोटो नको, हेडस्टॉकची (खुंट्या बसवलेल्या टोकाची) मागची बाजू आणि ब्रिजचे (बॉडीवर तारा अडकतात त्या भागाचे) स्क्रू यांचा मागा. गंज तिथे दिसतो.

पिशवीत काय काय? क्लिपवाला ट्यूनर, कारण चार तारांच्या बेसची सर्वांत जाड ई तार साधारण ४१ हर्ट्झला बोलते आणि इतका खर्ज फोनच्या माइकला नीट पकडता येत नाही. ट्यूनर नसेलच तर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोटाने नुसती स्पर्शून काढलेला सूर) वाजवून ॲपला ऐकवा, तो एक सप्तक वर असतो. स्वतःची केबल आणि छोटा हेडफोन ॲम्प घ्या. समोरच्या घरी ॲम्प नसतो, किंवा असतो तो गिटारचा, तोही खरखरणारा. नऊ व्होल्टची एक नवी बॅटरी घ्या, कारण ॲक्टिव्ह बेसमधली बॅटरी उतरलेली असण्याचीच शक्यता जास्त, आणि उतरलेल्या बॅटरीवर येणारा फाटका आवाज पिकअपच्या (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाच्या) माथी मारला जातो. स्टीलची पट्टी, मऊ सुती कापड, एक व्हिजिटिंग कार्ड. कार्ड देण्यासाठी नाही, मापासाठी. ते पुढे येईलच.

तिथे पोचल्यावर लगेच वाजवायला बसू नका. आधी पट्टी काढा आणि नटपासून (हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या तुकड्यापासून) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा. १७ इंच भरलं तर स्केल (नट ते ब्रिज, तारेची वाजणारी लांबी) ३४ इंचाचा, म्हणजे फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हापासून चालत आलेलं माप. १५ इंच भरलं तर तो ३० इंची, शॉर्ट स्केल. हॉफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस याच घराण्यातला. शॉर्ट स्केल वाईट मुळीच नाही. हात लहान असेल किंवा गिटारवरून बेसकडे येत असाल तर उलट सोयीचा. पण त्याच्या तारांचे सेट वेगळे येतात आणि दुकानांत ते कमी ठेवलेले असतात, हे घेण्याआधी माहीत असावं.

मग सूर लावून घ्या आणि नेक बघा. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर, अशी दोन्हीकडे दाबून धरा. आता ती तार म्हणजे सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. पाव मिलिमीटर ते ०.३५ मिलिमीटर असेल तर उत्तम. बऱ्यापैकी जाड व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. तार फ्रेटला चिकटलेलीच असेल तर नेक फार सरळ किंवा मागे झुकलेली आहे. दोन-तीन कार्डं जात असतील तर पुढे वाकली आहे. दोन्ही गोष्टी ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईने) बहुतेक वेळा सुधारतात, मात्र रॉड फिरत असेल तरच. म्हणून मालकाची परवानगी घेऊन रॉड फिरवायच्या पेचाची खाच बघा. एलन की घालण्याची कडा गोल झाली असेल तर कोणीतरी त्याच्याशी कुस्ती खेळलेलं आहे. तिथे माझा उत्साह मावळतो.

आता वाजवा, पण गाणं नको. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट, सावकाश. कंटाळवाणं काम आहे, आणि नेमकं हेच लोक टाळतात. तानपुऱ्यात जी जवारी आपण मुद्दाम आणतो तीच इथे नको असते, म्हणून झणझण कुठे येते ते लक्षात ठेवा. एकाच फ्रेटवर येत असेल तर पुढचा फ्रेट वर उचललेला असू शकतो. पहिल्या चार-पाच फ्रेटवर सरसकट येत असेल तर बहुधा नेक फार सरळ किंवा मागे झुकलेली आहे. बॉडीकडच्या शेवटच्या फ्रेटवर येत असेल तर ब्रिजपाशी तारा फार खाली आहेत.

तारांचा दोष आणि वाद्याचा दोष वेगळा काढायची एक सोपी खूण आहे. संपूर्ण तार सगळीकडे सारखीच मठ्ठ वाजत असेल, किंवा बाराव्या फ्रेटवरचा सूर हार्मोनिकशी जुळता जुळत नसेल आणि तारेवर खाचा दिसत असतील, तर संशय आधी तारेवर घ्या. पण सर्वांत बारीक ‘जी’ (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादाच सूर बाकीच्यांच्या आधी विझत असेल, तर तो नेकचा मृत ठिपका. बोल्ट लावलेल्या नेकच्या बेसमध्ये तो पुष्कळदा सापडतो, महागड्यांतही. नवी तार त्याला पूर्ण जागं करत नाही. भाव करताना पहिला मुद्दा सोडून द्या, दुसरा धरा.

विजेकडे थोडंसंच. नॉब फिरवून खरखर ऐका, जॅक हलवून बघा. जॅझ बेसवर (फेंडरचा दोन पिकअपचा बेस) एकच पिकअप पूर्ण उघडला तर गुणगुण येते आणि दोन्ही पूर्ण उघडले की बहुतेकांत ती थांबते, तेव्हा घाबरू नका. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं ठीक. मात्र ॲम्प दोन पिनांच्या अडॅप्टरवर लावलेला असेल तर अर्थिंगशिवाय आलेल्या आवाजावर काही ठरवू नका, आणि तारांना हात तर नकोच.

वाद्य घरी आलं. आता तारा. इथे निवड आधी करायची आणि मग बाकीचं सगळं, कारण नेकचा बाक, तारांची उंची आणि सूर हे तिन्ही त्या विशिष्ट सेटच्या ताणावर अवलंबून असतात. चार तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात असतो. सेट बदलला, जाडी बदलली, की हिशेब पुन्हा मांडायचा. म्हणून घेतल्या घेतल्या जुन्या तारांवर कारागिराकडून सेटअप करून घेणं म्हणजे पैसे वाया.

राउंडवाउंड (गोल तारेचं वेटोळं असलेल्या) तारा खणखणीत आणि बोटांना खरखरीत लागतात. स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवायचं असेल तर त्याच. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचं वेटोळं असलेल्या) गुळगुळीत, खोल, थोड्या महाग, पण वर्षानुवर्षं टिकतात. मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन जाड फ्लॅटवाउंड लावायचा आणि तुटल्याशिवाय बदलत नसे. पंचमदांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस ऐकून ज्यांना हे वाद्य हातात घ्यावंसं वाटलं, त्यांना माझा सल्ला एकदा तरी फ्लॅट लावून बघण्याचा. फ्रेटलेस (फ्रेट नसलेला बेस) असेल तर नायलॉन टेपच्या तारा फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं दाबायची फळी) खात नाहीत. जाडीत नवख्याने .०४५ ते .१०५ किंवा .१०० इंच या नेहमीच्या सेटपासून हलू नये. त्याहून बराच जाड सेट नटच्या खाचेत बसत नाही, आणि खाच कानशीने रुंद करणं कारागिराचं काम.

चढवताना लागतं थोडंच: चांगला वायर कटर (घरातल्या पक्कडीने जाड ई तार कापायला जाल तर पक्कड हरेल), तारा गुंडाळायचा वाइंडर, कापड. सगळ्या तारा एकदम काढल्या तर फिंगरबोर्ड पुसता येतो. रोजवुडला लिंबू तेलाचे दोन थेंब चालतात, लॅकर लावलेल्या मेपलला फक्त किंचित ओलसर कापड. साफसफाई नको असेल तर एकेक तार बदला, नेकला झटका कमी.

मुख्य खबरदारी कापण्यात आहे. तार ब्रिजमधून ओढून खुंटीपर्यंत आणा, खुंटीच्या पलीकडे दहा-बारा सेंटिमीटर मोजा, तिथे आधी काटकोनात वाकवा आणि वाकलेल्या भागाच्या पलीकडे कापा. न वाकवता कापलेल्या काही तारांचं वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावरून सैल होतं आणि तार कायमची मुकी होते. मग टोक खुंटीच्या मधल्या भोकात घालून, वेढे वरून खाली असे दोन ते तीन घ्या, म्हणजे तार नटवर नीट दाबून बसेल. सूर नेहमी खालून वर चढवा. नट आणि ब्रिजच्या खोगिरापाशी (तार टेकते त्या तुकड्यापाशी) तार अंगठ्याने हलकेच दाबून तिथला बाक मोडा. नव्या तारा सुरात राहत नाहीत अशी अर्धी तक्रार या दाबण्याने संपते.

त्यानंतर एक-दोन दिवस वाजवा, सूर लावत राहा, बाकी कशाला हात लावू नका. मग क्रमाने ट्रस रॉड, तारांची उंची, बाराव्या फ्रेटवरचा सूर. रॉड एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. उंची सतराव्या फ्रेटवर दोन ते अडीच मिलिमीटर ठेवून सुरुवात करा. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर खोगीर नटपासून दूर न्या, उतरलेला असेल तर जवळ आणा.

उतरवलेल्या तारा राउंडवाउंड असतील आणि खिसा हलका असेल तर त्या पाण्यात दहा मिनिटं उकळून, पूर्ण कोरड्या करून पुन्हा चढवण्याचा जुना जुगाड चालतो. बोटांचा मळ निघतो, चार-दोन आठवडे चमक परत येते. चहाचं पातेलं मात्र वापरू नका. नाहीतर त्यातली ई आणि ए पाकिटावर तारीख लिहून बाजूला ठेवा; ऐन कार्यक्रमात तार तुटली तर उपयोगी पडते.

कोकणपट्टीत किंवा मुंबईत राहत असाल तर जूनच्या आधी केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, वाजवून झाल्यावर तारा वरून आणि खालूनही पुसा, आणि ऑक्टोबरची हीट लागली की कार्ड घेऊन नेकची फट पुन्हा एकदा बघा. विदर्भात तपासणीची हीच वेळ एप्रिलमध्ये येते: कोरड्या हवेने फिंगरबोर्ड आकसला तर फ्रेटची टोकं कडेला बोटांना टोचू लागतात.