पाइपलाइनमधली पहिलीच कमांड फसली तर?
पाइपलाइन म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट पुढच्या कमांडला देणारी साखळी. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची प्रत) पाइपने जीझिपकडे, म्हणजे डेटा दाबून लहान करणाऱ्या कमांडकडे, जातो. डंप अर्ध्यात कोसळला तरी जीझिप मिळालं तेवढं दाबून ० (म्हणजे ‘यशस्वी’) परत करतो, आणि शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) फक्त शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड, म्हणजे संपताना दिलेला हा आकडा, पाहतो. फाइल तयार होते, पण आत अर्धवट डेटा. हे नेमकं रिस्टोअरच्या वेळी कळतं, म्हणून बंदोबस्त आधीच करा.

बॅश या शेलमध्ये स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहा. मग एखादी कमांड फसली की पूर्ण पाइपलाइन फसलेली धरली जाते. मात्र एवढ्याने स्क्रिप्ट थांबत नाही. त्यासाठी ‘सेट -ई’ किंवा इफची तपासणी लागतेच.

नेमकी कोणती कमांड फसली ते ‘पाइपस्टेटस’ या अ‍ॅरेत (यादीत) क्रमाने मिळतं (नाव कॅपिटल अक्षरांत). पुढची कमांड चालली, अगदी मजकूर छापणारा साधा एको असला, तरी तो बदलतो. तेव्हा पाइपलाइनच्या लगेच पुढच्या ओळीत त्याची प्रत करून ठेवा.

पाइपफेलसोबत हेड (पहिल्या काही ओळी देणारी कमांड) वापरताना जपून. हव्या तेवढ्या ओळी वाचून तो पाइप बंद करतो आणि आधीची कमांड बऱ्याचदा १४१ ने संपते: १२८ अधिक सिगपाइपचा (बंद पाइपमध्ये लिहिल्यावर मिळणाऱ्या सिग्नलचा) क्रमांक १३. तो बिघाड नव्हे. मजकूर शोधणारा ग्रेपही काही न सापडल्यास १ देतो; २ आला तरच खरी चूक समजा.