वाचन शिकवायला शिकताना: डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक पदविकेच्या) विद्यार्थ्यांसाठी

अध्यापक विद्यालयातील दोन वर्षांत मी सराव पाठांची टाचणे, म्हणजे पाठाची लेखी आखणी, काटेकोरपणे लिहिली, तक्ते रंगवले आणि बरे शेरेही मिळवले. मात्र एखाद्या मुलाशेजारी बसून ते वाचताना नेमके कोठे अडते, हे ऐकण्याची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. ही उणीव पहिल्या नेमणुकीत, दुसरीच्या वर्गात उघडी पडली. एक मुलगी सगळी बाराखडी चालीवर न चुकता म्हणत असे, पण फळ्यावर नुसते ‘कि’ लिहिले की ती पुटपुटत ‘क’पासून सुरुवात करून तेथपर्यंत पोहोचे. तिला चाल पाठ होती, अक्षर येत नव्हते.

वाचनाचे संशोधक फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलेले सूत्र मला फार उशिरा भेटले. त्यांच्या मते वाचून समजणे हा लिपी उलगडण्याची क्षमता आणि भाषेची समज यांचा गुणाकार आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल, तर उत्तरही शून्यच येते. म्हणून मूल अडले की तोच उतारा आपण वाचून दाखवावा आणि तो त्याला कळतो का, हे पाहावे. कळत असेल तर अडचण लिपीची आहे. कळत नसेल तर, विशेषतः घरी वारली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलांबाबत, अक्षरे कितीही गिरवून घेतली तरी काही साधत नाही. तेथे गप्पा आणि गोष्टी हाच अभ्यास होय, आणि त्या मुलाच्या घरच्या भाषेतून सुरू झाल्या तर उत्तमच.

लिपीबाबत मात्र इंग्रजीवरील संशोधन जसेच्या तसे उचलू नये. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा अक्षरज्ञान पक्के होण्याची प्रक्रिया चौथीपर्यंत चालू राहते असे दिसले, आणि मराठीची अक्षररचनाही त्याच घडणीची आहे. शिवाय आपल्या काही अडचणी खास आपल्याच आहेत. पहिली वेलांटी व्यंजनाआधी लिहितात, पण उच्चार नंतर होतो. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ एक नव्हे. आणि ‘सरबत’ हा शब्द चारही अक्षरे सुटी, पूर्ण उच्चारून वाचणाऱ्या मुलाला आपण रोज पितो ते हेच, हे उमगत नाही. टाचणात यांतले काहीच येत नसे, याचे मला आजही नवल वाटते.

आता मी सगळी मुळाक्षरे संपण्याची वाट पाहत नाही. क, म, न, ल आणि काना एवढ्यावर कान, नाक, काम, माल, मामा, कमान, नाला असे शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात, आणि शब्द ओळखीचा निघाला की मुलाचा चेहरा बदलतो.

आंतरवासितेत, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष सरावाच्या काळात, तुम्हाला वर्ग मिळेल तेव्हा पाच मुले निवडा आणि प्रत्येकाचे वाचन आठवड्यातून एकदा दहा मिनिटे ऐका. चूक लगेच सुधारू नका. ‘माल’ला ‘मला’ म्हटले की ‘मल’, हे जसे ऐकले तसे वहीत उतरवा, कारण पहिल्यात कान्याची जागा चुकली आहे आणि दुसऱ्यात काना दिसलेलाच नाही. पुढच्या आठवड्याचे टाचण त्या वहीवरून लिहा.