इअरप्लग खिशात का राहतात? फाउंड्रीच्या सुपरवायझरांसाठी मार्गदर्शन

कोल्हापूर परिसरातील शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील अनेक फाउंड्रींमध्ये (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत) इअरप्लगची पाकिटे स्टोअरमध्ये पडून असतात, भिंतीवर सूचनाफलक असतो आणि तरीही फेटलिंगमधल्या, म्हणजे ओतीव भाग तोडून-घासून साफ करणाऱ्या खात्यातल्या, बहुतेकांचे कान उघडे असतात. अशा वेळी दंड लावणे सोपे असते, पण त्याचा उपयोग टिकत नाही, कारण सुपरवायझरची पाठ वळताच प्लग खिशात जातो. कामगाराच्या नकारामागे बहुधा खरे कारण असते. ते त्याच्याकडूनच ऐकून घ्यावे आणि उपाय नेमका त्या कारणावर करावा.

सर्वांत वजनदार कारण कामाशीच जोडलेले आहे. अनुभवी कामगार कास्टिंगवर (ओतीव भागावर) हातोडी मारतो आणि आवाज खणखणीत आला की बद्द, यावरून तडा ओळखतो. ग्राइंडरचा सूर बदलला की हाताचा दाब कमी करतो. क्रेनचा भोंगा आणि मागून आलेली हाक यांवर त्याचा जीव अवलंबून असतो. साधा फोमचा प्लग वरच्या पट्टीचे आवाज अधिक अडवतो, त्यामुळे नेमके हेच आवाज हरवतात. म्हणून सर्वांत जास्त डेसिबल अडवणारा प्लग सरसकट सर्वांना वाटू नये. आधी प्रत्येक जागेचा आवाज मोजावा आणि प्लग घातल्यावर कानापर्यंत साधारण ७५ ते ८० डेसिबल पोहोचतील, असा प्रकार निवडावा. सर्व पट्ट्यांचे आवाज सारख्या प्रमाणात कमी करणारे प्लगही मिळतात. पारखीचे काम करणाऱ्यांना ते द्यावेत. क्रेनला भोंग्यासोबत दिवा बसवावा.

दुसरे उत्तर हमखास ऐकू येते : “सवय झालीया आता, काय होत न्हाई.” हे उत्तर ऐकल्यावर काळजी वाटली पाहिजे, कारण ही ‘सवय’ बहुधा श्रवणऱ्हासाचीच खूण असते. शिफ्टनंतर कान दडे बसल्यासारखे होतात, त्यांत गुणगुण राहते आणि सकाळी बरे वाटते. पण वर्षानुवर्षे असे होत राहिले की अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. यात दुखत काहीच नाही, म्हणून भाषणाचा परिणाम होत नाही. कामगाराला एकट्याला बसवून त्याचा स्वतःचा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, दाखवावा आणि ४००० हर्ट्झच्या आसपास आलेख कसा खाली घसरला आहे, ते बोट ठेवून समजावावे. बहुतेक ठिकाणी हा कागद थेट फायलीत जातो, ही मोठी चूक आहे. चाचणीत दोष निघाला तरी काम जाणार नाही, हे मालकाने स्वतः सांगावे. नाहीतर ठेकेदाराकडची माणसे चाचणीलाच बिचकतात.

उकाडा, घाम आणि खाज यांची तक्रारही खरी असते. भट्टीजवळ इअरमफ (पूर्ण कान झाकणारे आवरण) फार वेळ सहन होत नाही, म्हणून तिथे प्लगच बरा, आणि तोही एकाहून अधिक आकारांत ठेवावा. हात धुण्याची सोय खात्याच्या दारातच हवी, कारण काळ्या धुळीने माखलेल्या बोटांनी प्लग वळला तर ती धूळ कानात जाते. फोमचा प्लग बारीक वळावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवून तो फुलेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवावा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला तर प्लग नीट बसला आहे, हेही सांगावे. अनेक जण त्याच घुमण्याला वैतागून तो काढतात.

बोलण्यासाठी प्लग काढणे सर्वांत महागात पडते. ३० डेसिबल अडवणारा प्लग निम्मी शिफ्ट काढून ठेवला, तर पूर्ण शिफ्टचा हिशेब करता संरक्षण जेमतेम ३ डेसिबलचे उरते. त्यामुळे हातांच्या खुणा ठरवून घ्याव्यात आणि लांबलचक बोलणे बाहेर जाऊन करावे. सुपरवायझर व मालक यांनीही खात्यात शिरण्यापूर्वीच प्लग घालावेत.

आवाज मुळात कमी करता आला तर उत्तमच. कास्टिंग ज्या पेटीत पडतात तिला आतून जाड रबर लावले तरी खणखणाट कमी होतो. नव्या कामगाराची पहिली श्रवणचाचणी मात्र त्याला फेटलिंगवर पाठवण्याआधीच करावी, कारण पुढच्या वार्षिक चाचण्यांची तुलना करायला तीच मूळ नोंद लागते.