‘हा आवाज कशाचा?’ या प्रश्नाला उत्तर देताना

प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्याला कार्यक्रम संपल्यावर सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न ‘हा आवाज कशाचा होता?’ हा असतो. गेल्या नऊ वर्षांत मी या प्रश्नाला बरीच वाईट उत्तरे दिली आहेत. कधी उगाच गूढ बोलले, कधी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका वाचून दाखवावी तसे बोलले, तर एकदा चक्क ‘ते महत्त्वाचे नाही’ असे सांगून एका भल्या माणसाला गप्प केले. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना यंत्रे कोणती घ्यावीत हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण केलेल्या कामाविषयी ऐकणाऱ्यांशी कसे बोलावे, आणि तसे बोलता यावे म्हणून काम करतानाच कोणत्या सवयी लावून घ्याव्यात, हे मला कोणी सांगितले नव्हते.

मी मूळची इचलकरंजीची. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे त्या गावाला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणू लागले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा हेही इचलकरंजीकरच, त्यामुळे गावातल्या जुन्या घरांत गाण्याचा अभिमान आणि मागांचा खडखडाट एकत्रच नांदतात. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून आठ मागांची शेड होती. लहानपणी दिवसरात्र तो आवाज ऐकल्यामुळे तो ऐकू येणेच बंद झाले होते. दर आठवड्याला वीज बंद असे त्या दिवशी मात्र शांततेनेच जाग यायची. पुण्यात डबिंगच्या स्टुडिओत ध्वनिसंपादनाचे काम करू लागल्यावर, एका मालिकेसाठी ‘कारखान्याचा आवाज’ शोधताना मला तयार संग्रहातले सगळे आवाज खोटे वाटू लागले. तेव्हा सुट्टीत रेकॉर्डर घेऊन मी त्या शेडमध्ये गेले आणि तिथूनच हे सगळे सुरू झाले.

सुरुवातीला लागणारे साहित्य फारच थोडे आहे. एक साधा हातात धरायचा रेकॉर्डर, चांगले हेडफोन आणि प्युअर डेटा किंवा सुपरकोलायडर यांपैकी आवाज घडवण्याचे एक सॉफ्टवेअर एवढे पुरते. ही दोन्ही विनामूल्य आहेत. यंत्राच्या अंगातला आवाज घ्यायचा असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळणारी, कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी पिएझोची चकती वायरला डाखून घ्यावी आणि मागाच्या चौकटीला चिकटवावी. ती माइकच्या इनपुटला न जोडता गिटारसाठी असलेल्या इनपुटला जोडावी, कारण माइकच्या इनपुटचा विद्युतरोध कमी असल्यामुळे खालचे स्वर गळून जातात आणि उरतो तो पत्र्यासारखा पातळ आवाज. मला हे कळायला आठ महिने लागले. शेडमध्ये धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी नळी, आपटण्याचा आवाज इतका अचानक आणि तीव्र येतो की ध्वनिमुद्रणाची पातळी नेहमीपेक्षा बरीच खाली ठेवावी लागते, आणि कानांत बोळे घालणे ही तर तिथे काळजीची पहिली पायरी आहे.

आता जरा जवळून पाहू. पहिल्या दिवशी मी दोन शेजारचे माग एकत्र ध्वनिमुद्रित केले. एकाचा धोटा मिनिटाला १४२ वेळा जात होता, तर दुसऱ्याचा १३९ वेळा. कानाला दोन्हींचा वेग सारखाच वाटतो. परंतु मिनिटामागे तीन फेऱ्यांचा फरक असल्यामुळे दर वीस सेकंदांनी दोन्ही ठोके एकमेकांवर येतात, मग हळूहळू सुटतात, त्यांच्यात आधी प्रतिध्वनीसारखे अंतर पडते, मग दुप्पट लय तयार होते आणि पुन्हा ते एकत्र येतात. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांना १९६५ साली हीच गोष्ट दोन टेपरेकॉर्डरवर सापडली होती. एकच तुकडा दोन यंत्रांवर एकत्र वाजवताना ती यंत्रे एकमेकांपासून सरकू लागली, आणि त्यांनी ते सरकणे दुरुस्त न करता त्याचीच रचना केली. मी प्युअर डेटात जो पॅच, म्हणजे आवाजावर काय प्रक्रिया करायची याची मांडणी, बांधला, त्यात या दोन आकड्यांखेरीज फारसे काही नव्हते. प्रत्येक ठोक्याचा छोटा तुकडा कापून त्याचे आणखी बारीक कण करायचे आणि ठोके जवळ आले की कणांची लांबी वाढवायची, एवढीच त्याची करामत. ऐकणाऱ्याला मात्र दर वीस सेकंदांनी खडखडाटातून एखादा सूर उगवून मावळल्यासारखा वाटे.

इथेच पहिली चूक झाली. पॅच रोज रात्री बदलत गेला, जुन्या प्रती मी ठेवल्या नाहीत आणि एका रात्री चांगला वाजलेला अकरा मिनिटांचा तुकडा तेवढा ध्वनिमुद्रित करून ठेवला. पुढे एका श्रोत्याने सातव्या मिनिटाला येणाऱ्या खोल गुणगुणण्याबद्दल विचारले, तेव्हा ते कशाने झाले हे मलाच सांगता येईना. तेव्हापासून मी एक साधी वही ठेवते. तारीख, जागा, माइक कशापासून किती अंतरावर होता, पॅचची कितवी प्रत आणि त्या दिवशी काय बिघडले, एवढे पाच ओळींत लिहिते. ही वही तुमच्या आठवणीसाठी तर आहेच, पण श्रोत्यांशी खरे बोलण्याची ती एकमेव पूर्वतयारीही आहे. वही नसेल तर आपण कामाबद्दल न बोलता कामाच्या दंतकथेबद्दल बोलू लागतो.

पहिली ऐकण्याची बैठक मी गावातच, एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत ठेवली. पंचवीसेक माणसे आली होती. मी आधी वीस मिनिटे बोलले. त्यात ध्वनीचे कण, फिल्टर, कालखंड असे सगळे होते आणि समोरचे चेहरे सज्जनपणे रिकामे होते. मग रचना वाजवली. ती संपल्यावर बराच वेळ कोणीच बोलले नाही. शेवटी मागच्या रांगेत बसलेले, आयुष्यभर जॉबर म्हणून मागांची दुरुस्ती केलेले एक मामा उठले आणि म्हणाले, ‘‘पोरी, ह्यो तुमच्या मागल्या शेडमधला खिडकीजवळचा माग न्हवं? त्याचा पिकर झिजलाय. धोटा उशिरा सुटतोय बघ.’’ कणाकणांत चिरलेल्या, ताणलेल्या त्या आवाजातून त्यांनी मागाचा रोग ओळखला होता (पिकर म्हणजे धोट्याला ढकलणारा मागाचा भाग). मी वही उघडली. १३९ चा माग खिडकीजवळचाच होता. त्यानंतर दीड तास जी चर्चा झाली, तिच्यात माझ्या वीस मिनिटांच्या भाषणातला एकही शब्द आला नाही. निरनिराळ्या मागांचे आवाज, तुटलेला धागा कानाला कसा कळतो, आणि मी मधला दोन मिनिटांचा भाग उगाच ‘गोड’ का केला, यावर लोक बोलत राहिले. गोड केल्याची तक्रार रास्त होती. तो भाग पुढे मी काढून टाकला.

त्या संध्याकाळनंतर मी बोलण्याचा क्रम उलटा केला. आता आधी वाजवते, मग चार वाक्ये सांगते आणि मग प्रश्न घेते. चार वाक्यांत आवाज कुठला, त्याचे काय केले, काय फसले आणि रचना तिथेच का थांबवली, एवढेच असते. या पद्धतीचा माझा आदर्श म्हणजे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक, मुंबईचे चरणजीत सिंग. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर दहा रागांची तबकडी केली. ती तेव्हा फारशी कोणी ऐकली नाही, पण २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर, शिकागोत १९८७ च्या सुमारास उदयाला आलेल्या ॲसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची चाहूल तिच्यात आधीच असल्याचा गाजावाजा जगभर झाला. सिंग यांनी स्वतः मात्र मुलाखतींत साधेच कारण सांगितले होते: चित्रपटांत तेव्हा डिस्कोचा जमाना होता, म्हणून तबला बंद करून राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून पाहावेत असे त्यांना वाटले. या एका वाक्यात साहित्य आहे, कृती आहे आणि कारणही आहे. इतिहासातले स्थान ठरवायचे काम त्यांनी इतरांवर सोडले, आणि माझ्या मते ते तिथेच असायला हवे.

‘आपल्याकडे या संगीताची परंपराच नाही’ हे वाक्यही नवोदितांनी श्रोत्यांसमोर टाळावे, कारण ते खरे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ सालीच अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या हातून मूग सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर स्वर घडवणाऱ्या यंत्राचा, स्टुडिओ उभा राहिला होता, आणि संगीतकार गीता साराभाई यांच्यासह अनेकांनी तिथे काम केले. त्या फितींतले निवडक ध्वनिमुद्रण २०२३ मध्ये प्रकाशित झाले. पन्नास वर्षे ते संगीत ऐकणाऱ्यांपर्यंत गेलेच नाही, म्हणून परंपरा तुटल्यासारखी वाटते.

किती दाखवावे आणि किती झाकावे, हा यापुढचा प्रश्न. या बाबतीत दोन टोके लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ऑटेकर ही इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी ब्रिटिश जोडी, म्हणजे शॉन बूथ आणि रॉब ब्राउन, अनेक वर्षे आपले कार्यक्रम सभागृहातले दिवे मालवून काळोखात करत आली आहे. पाहण्यासारखे काहीच नसल्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. (ते रॉचडेलचे, म्हणजे खऱ्या मँचेस्टरजवळच्या एका जुन्या कापडगावचे, हा योगायोग मला विनाकारण सुखावतो.) याच जोडीने २०१३ साली चाहत्यांच्या असंख्य प्रश्नांना मनमोकळी उत्तरे दिली, म्हणजे काळोख रंगमंचापुरताच होता, संवादात नव्हता. दुसऱ्या टोकाला प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष संगणकीय सूचना लिहीत संगीत घडवणारे लोक आहेत. २००४ साली हॅम्बुर्गमध्ये सुरू झालेल्या टॉपलॅप या त्यांच्या गटाच्या जाहीरनाम्यातली मुख्य मागणीच ‘आपला पडदा दाखवा’, म्हणजे संगणकाचा पडदा प्रेक्षकांना दिसू द्या, अशी आहे. त्यामुळे कलाकाराची चूकही भिंतीवर मोठ्या अक्षरांत दिसते. मी दोन्ही करून पाहिले आहे. माझ्या रचनांना काळोख मानवतो. पडदा दाखवला की लोक वाचायला लागतात आणि वीस सेकंदांचा तो हळू चढउतार त्यांच्या हातून निसटतो. बैठक संपल्यावर मात्र मी पॅच उघडून भिंतीवर लावते आणि कोणालाही त्यातले आकडे बदलू देते.

तबकडीसोबतच्या टिपणातही हीच निवड करावी लागते. एफेक्स ट्विन या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने २०१४ च्या ‘सायरो’ या तबकडीच्या वेष्टनावर वापरलेल्या यंत्रांची यादी आणि तबकडीच्या खर्चाचा हिशेबच छापला, तेवढ्या उघडेपणानेही संगीताचे गूढ तसूभर कमी झाले नाही. बाल्टिमोरच्या मॅटमॉस या जोडीने २०१६ मध्ये एक संपूर्ण तबकडी एकाच कपडे धुण्याच्या यंत्राच्या आवाजांतून केली, आणि ही माहिती आधी कळली की ऐकण्याची मजा वाढते, कारण श्रोता प्रत्येक आवाजाला ‘हेही यंत्रच?’ असे विचारत राहतो. जिथे माहितीमुळे कान अधिक उघडतात तिथे ती द्यावी. जिथे ती मिळाल्यावर ऐकणे थांबते तिथे ती नंतर द्यावी.

टिपण मात्र नेहमी स्वतः लिहावे. एका कार्यक्रमाच्या आयोजकांनी मला न विचारता पत्रिकेत माझ्या रचनेचे वर्णन ‘मरणाऱ्या उद्योगाचा विलाप’ असे छापले. ती पत्रिका गावात पोहोचली. शेडमधला माग चालवणारा माणूस मला म्हणाला, ‘‘ताई, मी कालच दोन पाळ्या केल्या, आणि तुम्ही आम्हाला तिरडीवर चढवलंत.’’ माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण माझे टिपण मी वेळेवर दिलेच नव्हते. आता ते मी रचनेबरोबरच पाठवते आणि त्यातला शब्दही बदलू नये असे स्पष्ट लिहिते. तसेच ज्यांच्या जागेत ध्वनिमुद्रण केले त्यांना प्रकाशनाआधी रचना ऐकवते, आणि कोणाचे बोलणे आवाजात आले असेल तर ते ठेवू की काढू हे त्यांनाच विचारते.

प्रश्नांचे म्हणाल तर ‘कोणते सॉफ्टवेअर?’ या प्रश्नाला पूर्ण आणि खरे उत्तर द्यावे. त्यात लपवण्यासारखे काही नसते, शिवाय विचारणारा बहुधा स्वतः काहीतरी करू पाहत असतो. ‘याचा अर्थ काय?’ असे विचारल्यावर मी आधी त्यांना काय ऐकू आले ते विचारते, आणि हे टाळणे वाटू नये म्हणून माझे उत्तर त्यानंतर देतेच. ‘याला संगीत म्हणायचे का?’ या प्रश्नावर वाद घालू नये. ज्याने चाळीस मिनिटे बसून ऐकले त्याला तसे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पैशांबद्दल कोणी विचारले तर तेही सांगावे. बँडकॅम्पसारख्या, संगीत थेट विकता येणाऱ्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतले साधारण पंधरा टक्के कापून उरलेले कलाकाराला मिळतात, पण माझ्या पहिल्या तबकडीची विक्री वर्षभरात तीन आकडीही झाली नाही. माझे घरभाडे डबिंगवर चालते.

पॅच कोणी मागितला तर मी देते. मूळ ध्वनिमुद्रणे मात्र देत नाही, कारण त्यांत माणसे आहेत. गेल्या वर्षी भिवंडीच्या एका विद्यार्थ्याने पॅच मागून घेतला आणि त्यात आपल्या मोहल्ल्यातले माग घातले. त्याच्या मागांच्या वेगात बराच फरक असल्यामुळे ठोके दर सात सेकंदांनी एकत्र येत होते आणि सूर उगवायला वेळच मिळत नव्हता. आवाज ताणून वेग जुळवावा की तिसऱ्या मागाचा शोध घ्यावा, असे त्याने विचारले. मी त्याला तिसरा माग शोधायला सांगितले आणि तिथल्या जॉबरला आधी भेट असेही लिहिले. त्याने आतापर्यंत अकरा माग मोजले आहेत, त्यांचे आकडे वहीत उतरवून तो दर रविवारी मला पाठवतो, आणि अजून हवी ती जोडी त्याला मिळालेली नाही.