घरात तुम्ही एकटेच प्रभूत आलात तर काय करायचं

आमच्या घरात आधी आई प्रभूत आली, म्हणजे ख्रिस्ती झाली, मग सहा वर्षांनी मी. वडील माळकरी, पंढरीची वारी चुकवत नाहीत, अजूनही. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातलं गाव, तीन खोल्यांचं घर, त्यामुळं भांडण झालं की लपायला जागाच नाही. तर हे सगळं आम्ही चुका करून शिकलेलं आहे, पास्टरच्या संदेशातलं नाही, त्या हिशोबानं वाचा.

पहिलं म्हणजे घरात भांडणं होतील हे येशूनं लपवलेलं नाही हे समजून घ्या. बायबलमधे मत्तयच्या 10 व्या अध्यायात तो सरळ म्हणतो की मी शांतता आणायला नाही तर तलवार चालवायला आलोय, आणि लूकच्या 12 व्या अध्यायात तर हिशोबच दिलाय, घरात पाच माणसं असली तर तीन एकीकडं दोन एकीकडं, बाप लेक, माय लेक, सासू सून. सासू सून तर आपल्याकडं येशूच्या आधीपासून चालूच आहे म्हणा. आणि हाच माणूस योहानच्या 14 व्या अध्यायात म्हणतो मी माझी शांती तुम्हाला देऊन ठेवतो, जग देतं तशी नाही. हे कधी म्हणाला तर शेवटच्या जेवणाच्या रात्री, पुढच्या काही तासात त्याला धरणार होते आणि समोर बसलेले सगळे पळून जाणार होते. म्हणजे सगळं गोडगोड झालं की मग शांती, असं तो बोलतच नव्हता. मार्कच्या 3 ऱ्या अध्यायात बघा, त्याच्या घरचेच त्याला धरून न्यायला निघाले होते, डोकं फिरलंय म्हणून.

पण एक गोष्ट लै जणं उलटी करतात. तलवारीचं वचन हे तुमच्यावर काय येईल त्याची सूचना आहे, तुम्ही तलवार घेऊन घरात फिरायची परवानगी नाही. आमच्या ओळखीतल्या एकानं बाप्तिस्मा घेतला आणि दुसऱ्याच दिवशी देवघरातले टाक उचलून पोत्यात भरले, आई त्याच्याशी दोन वर्षं बोलली नाही. आता ह्याला येशूमुळं छळ झाला म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही.

म्हणून महिनाभर एक काम करा, भांडण झालं की मोबाईलमधे एका ओळीत लिहून ठेवा नेमकं कशावरून झालं. मी केलं होतं. येशूवरून एक पण नव्हतं. रविवारी म्हशीची धार कोण काढणार, तुरीच्या राशीला तू नव्हतास, उपासनेहून यायला दोन कामून वाजले, आणि पैसे. पैशाचं तर फारच. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला, द्यायचाच म्हणून आईनं बचत गटाचा हप्ता एकदा थकवला आणि वडलांना ते गटातल्या बाईकडून कळलं. ह्याच्यावर मार्कचा 7 वा अध्याय वाचा, आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणून सांगणाऱ्यांना येशूनं तिथं चांगलंच झापलंय. आधी घरचा हप्ता. ह्यावर तुमचा पास्टर नाराज झाला तर होऊ द्या.

सांगायचं कसं, तर स्वतःच्या तोंडानं आणि बाकी कुणाच्या आधी. स्टेटसला बाप्तिस्म्याचा फोटो टाकून नाही. आमच्या वडलांना किराणा दुकानात कळलं, चार माणसात, आणि मला वाटतं त्यांना आई ख्रिस्ती झाली ह्याच्यापेक्षा ते दुकानात कळलं हेच जास्त लागलं.

कुंकू, मंगळसूत्र. काही संगतीत, म्हणजे प्रार्थनेच्या मंडळ्यात, पहिल्याच महिन्यात बायांना हे काढायला सांगतात. नवरा जिवंत असताना कपाळ पांढरं म्हणजे गावात त्याचा अर्थ काय होतो हे सांगणाऱ्याला माहीत असतं तरी सांगतात. बायबलमधे कुंकू मंगळसूत्राचं नावही नाही. ज्या उताऱ्यावरून दागिने काढायला लावतात तो पेत्राच्या पहिल्या पत्राचा 3 रा अध्याय, त्याची सुरुवातच अशी आहे की नवरा वचन मानत नसला तरी बायकोच्या वागण्यानं, न बोलता, जिंकला जावा. न बोलता हा शब्द दोनदा वाचा. मनाला खरंच टोचत असेल तर नवऱ्याशी बोलून ठरवा, घाई कशाची आहे.

नवरा किंवा बायको विश्वासात नसेल तर येशूचा प्रेषित पौल ह्यानं करिंथच्या पहिल्या पत्रात 7 व्या अध्यायात लिहिलंय की समोरचा राहायला तयार असेल तर सोडू नका. कवी ना. वा. टिळकांनी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या बायको लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या, पुढं काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या त्या आपलं सोवळं सांभाळून, आणि 1900 ला त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं. आपल्याला पाच महिन्यात घर बदलायचं असतं.

लहान लेकरांना मधे ओढू नका. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री 1843 ला ख्रिस्ती झाले, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत पण मिशनऱ्यांकडं गेला होता, तर वडील कोर्टात गेले आणि कोर्टानं पोरगं वडलांच्या ताब्यात दिलं. मग त्याला जातीत परत घ्यायचं का नाही ह्यावर सगळ्या मुंबईत वाद. मोठ्यांच्या ओढाताणीत त्या पोराचं काय झालं असेल.

कागदाचं थोडक्यात. अनुसूचित जातीतले असाल तर राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही, हिंदू, शीख, बौद्ध एवढ्यांनाच आहे, म्हणून घरचे घाबरतात ते उगाच नाही. धर्म बदलला म्हणून तुमचा वारसाहक्क मात्र जात नाही, पण धर्मांतरानंतर जन्मलेल्या लेकरांना हिंदू नातेवाइकांच्या वारशात अडचण येते, त्यामुळं वकिलाला एकदा विचारा. आणि माती कुठं द्यायची हे जिवंतपणीच ठरवून लिहून ठेवा. बऱ्याच गावात ख्रिस्ती दफनभूमी नसते, आणि मयत अंगणात असताना भावकी आणि चर्चवाले भांडायलेत हे मी डोळ्यानं बघितलंय.

आतल्या शांतीचं एवढंच सांगतो, ती मागायला जागा आणि वेळ ठरवा आणि आवाज बारीक ठेवा. पहाटे पाचला ब्लूटूथ स्पीकरवर स्तुतीगीत लावून सगळं घर उठवलं तर तुम्हाला शांती, बाकीच्यांना डोकेदुखी. फिलिप्पैच्या 4 थ्या अध्यायात बुद्धीपलीकडच्या शांतीबद्दल लिहिलंय ते पौलानं कैदेत असताना लिहिलंय. मी गोठ्यात जातो, म्हशीला वैरण टाकतो आणि तिथंच दहा मिनिटं, ज्याच्याशी भांडण झालं त्याचं नाव घेऊन. सुरुवातीला नाव घेताना दात ओठ खायचो, पण घ्यायचो.

राहिलं खाणं. पाहुण्यांची कंदुरी, म्हणजे नवसाच्या बोकडाचं जेवण, घरची महालक्ष्मी, येळवस, म्हणजे वेळ अमावस्येची शेतातली पूजा आणि जेवण. पौल म्हणतो वाढलेलं निमूट खा, कुणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे तर खाऊ नका, ते पण त्या सांगणाऱ्यासाठी. आईनं सुरुवातीला येळवसला शेतात यायचंच बंद केलं होतं, नाताळच्या आगंमागंच येते ना ती. मग मी म्हणलं पूजेला बसू नको पण भज्जी कर, धपाटे थाप, सगळ्यांना वाढ, पाहुण्यांना पाणी दे. तर ती आली. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी असं झालं की वडील कडब्याच्या कोपीतून वाकून बाहेर आले, पांडवांची पूजा अजून व्हायची होती, चुन्याचे हात तसेच, आणि आंबिलीचा एक तांब्या आईच्या समोर आणून ठेवला. म्हणले, "ही निवदाच्या आधीची हाय, पी." आणि परत कोपीत गेले.

आईनं पिली. पुढच्या रविवारी मात्र तुरीच्या राशीवरून दोघांचं जोरात भांडण झालं, आणि मी उपासनेला उशिरा पोचलो.