मेंदूच्या बायपासआधीची तयारी

ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात पहिली धावपळ होते ती पैशांची आणि बॅगेची. दोन्ही लागतंच. पण मोयामोयासारख्या (मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या हळूहळू अरुंद होत जाणाऱ्या) आजारात मेंदूला आधीच रक्त कमी पडत असतं, आणि अशा माणसाची खरी तयारी म्हणजे टेबलावर जाईपर्यंत त्याच्या अंगातलं पाणी कमी होऊ न देणं आणि बीपी घसरू न देणं. बाकी सगळं त्याच्या मागून.

आधी ऑपरेशन समजून घ्या. कानाच्या पुढे, जरा वर बोट टेकवलं की एक नाडी लागते. ती धमनी डोक्याच्या कातडीला रक्त देते. कवटीला छोटी खिडकी करून तिचं टोक मेंदूच्या पृष्ठभागावरच्या धमनीला सूक्ष्मदर्शकाखाली, केसापेक्षा बारीक धाग्याने शिवतात. 1967 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला न्यूरोसर्जन याशारगिल यांनी हे पहिल्यांदा केलं. शिवताना मेंदूची ती छोटी धमनी काही वेळ चिमट्याने बंद ठेवावी लागते, म्हणून त्या वेळी बीपी चांगलं असावं लागतं.

सर्जनना भेटायला जाताना प्रश्न लिहून न्या. थेट जोड देणार, की धमनी किंवा स्नायू मेंदूवर नुसता टेकवून ठेवणार, की दोन्ही? टेकवून ठेवल्यास नव्या वाहिन्या फुटायला काही महिने जातात, तोवर धोका पूर्ण टळत नाही. दोन्ही बाजूंना आजार असेल तर दुसरी बाजू कधी? आणि सगळ्यात आधी, बायपासच का? मानेतली धमनी चरबीच्या थरामुळे पूर्ण बंद झालेल्या रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात झालेल्या चाचणीचे निकाल 2011 मध्ये आले. नुसत्या औषधांपेक्षा बायपासचा जास्त फायदा त्यात दिसला नाही. मोयामोयाचं गणित वेगळं आहे. तेव्हा आपला आजार नेमका कोणता, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका.

गोळ्यांची यादी कागदावर करा, काढे आणि ताकदीच्या गोळ्यांसकट. ऑपरेशन आहे म्हणजे अ‍ॅस्पिरिन बंद, असं सांगणारा एक तरी नातेवाईक भेटतोच. इथे त्याचं ऐकू नका. या आजारात अ‍ॅस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात. क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी असेल तर कुठल्या तारखेपासून थांबवायची, ते सर्जनकडून लिहून घ्या. बीपीची गोळी सकाळी घ्यायची की नाही, हे भूलतज्ज्ञांना वेगळं विचारा, कारण सवयीने घेतलेली एक गोळी नको तेव्हा बीपी खाली आणू शकते. मधुमेहाच्या गोळ्यांचंही तसंच. सिगारेट, तंबाखू आजपासून बंद.

तपासण्या ठरलेल्या असतात: अँजिओग्राफी, एमआरआय, रक्त किती पोचतंय ते दाखवणारा स्कॅन. किडनीचा त्रास किंवा डायची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा, आणि सगळ्या सीडी एकाच पाकिटात ठेवा.

आता उपाशी राहण्याचं. साधारण नियम असा की जड जेवण आठ तास आधी, हलकं खाणं सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पण वॉर्डात ‘रात्री बारानंतर काही नाही’ असं सरसकट सांगितलं जातं, आणि ऑपरेशन दुपारी दोनला लागलं तर माणूस चौदा तास कोरडा राहतो. निरोगी माणसाला ते खपतं, याला नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच विचारा: नंबर पहिला आहे का, सलाईन कधी लावणार, वेळ पुढे गेली तर पाणी देता येईल का? विचारायला लाजू नका. ताप, जुलाब किंवा उलट्या होत असतील तर तारखेची वाट न बघता कळवा.

लहान मूल असेल तर रडणं ही इथे गंभीर गोष्ट आहे. जोरजोरात रडताना श्वास भरभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या वाहिन्या आकसतात. त्यामुळे सुई टोचण्याआधी जागा बधिर करणारं मलम मागा, आधी शांत करणारं औषध देणार का ते विचारा, आणि झोप लागेपर्यंत आई किंवा बाबांना जवळ राहू देतात का तेही.

तारखेआधी तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं आणि पाच मिनिटांत सगळं ठीक झालं, तरी थेट इमर्जन्सीत जा. तोंडाने काही देऊ नका.

घरी एक छोटा व्हिडिओ करून ठेवा: रुग्ण नाव सांगतोय, दोन्ही हात समोर धरतोय, चार पावलं चालतोय. ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत रक्ताचा प्रवाह बदलल्याने बोलणं तात्पुरतं अडखळू शकतं. जुनं काय आणि नवं काय, हे रात्रपाळीच्या नर्सला दाखवायला तो उपयोगी पडतो.

बॅगेत पुढून उघडणारे कपडे ठेवा. चष्म्याची दांडी नेमकी जोडलेल्या धमनीवर दाबते, तेव्हा त्या बाजूची दांडी काढता येईल असा जुना चष्मा शोधा. घट्ट टोपी, हेडबँड नको. ऑक्सिजन मास्कचा पट्टाही कुठून जातोय ते बघत राहा.

बीपीचं मशीन घरी आधीच आणा. ऑपरेशननंतर बीपी फार चढलं तर रक्तस्रावाची भीती, पडलं तर जोड बंद पडण्याची. डिस्चार्जच्या कागदावर बीपीची वरची आणि खालची, दोन्ही मर्यादा लिहून घ्या, आणि रात्री कोणाला फोन करायचा तो नंबरही.