टॉवेल किती पाणी पितो? प्रयोग आणि मोबाइल यांची सांगड घालून विज्ञान कसे शिकवावे

वर्गात प्रोजेक्टर आला की धडा ‘लावून देण्याचा’ मोह आवरत नाही. केशाकर्षणावरचा (बारीक फटींतून पाणी आपोआप वर चढण्यावरचा) सुरेख व्हिडिओ चालू, मुले चिडीचूप, तासही वेळेत संपतो. दुसऱ्या दिवशी विचारावे तर मुलांना निवेदकाचा आवाज आठवतो, पाणी वर का चढले ते नाही. व्हिडिओतला प्रयोग कधी फसत नाही आणि प्रश्न पडायच्या आत उत्तर देऊन मोकळा होतो, ही त्याची खरी अडचण. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी हात, मग मोबाइल, आणि तयार व्हिडिओ सगळ्यांत शेवटी.

सोलापूरकरांना डिजिटल शिक्षण नवे नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, त्यात पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या त्यांच्या कामाचा मोठा वाटा होता. आज बालभारतीच्या पुस्तकातला कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचे साहित्य समोर येते. साहित्याची वानवा नाही. ते केव्हा उघडायचे एवढेच ठरवायचे आहे.

विषय गावातला घ्या

सातवी ते नववीच्या मुलांसाठी मी टॉवेल सुचवीन. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या शाळांमध्ये कितीतरी मुलांच्या घरचे कुणी ना कुणी मागावर जाते. ताणा, बाणा, कांडी, धोटा हे विणकामातले शब्द त्यांना शिक्षकांपेक्षा चांगले ठाऊक असतात. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारे मूल या प्रयोगात माहितगार ठरते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांना निरीक्षणे आधी त्यांच्या भाषेत बोलू द्या, वहीत मराठी नंतर येईल.

साहित्य: कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा (न धुतलेला, पांढरा न केलेला), दुकानातला नवा टॉवेल, घरातला जुना वापरलेला टॉवेल, शक्य असल्यास एखादे पॉलिस्टर कापड. ड्रॉपर, मोजपट्टी, कात्री, रंगीत पाणी, दोरी, चिमटे, जखमेवर लावायचे आयोडीन आणि एक मोबाइल. टॉवेलचे कटपीस ओळखीच्या कारखान्यातून सहज मिळतात. मात्र ते आणायला मुलांना चालू मागाजवळ पाठवू नका.

पायरी १: अंदाज लिहून घ्या

सगळी कापडे मुलांच्या हातात द्या. पाण्याचा थेंब टाकला तर कोणते कापड तो सर्वांत आधी पिईल? प्रत्येकाने क्रम आणि एका ओळीत कारण लिहायचे. पाच मिनिटे पुरतात, पण ही पायरी गाळू नका. लेखी अंदाज चुकला की मूल खडबडून जागे होते. नुसता मनातला अंदाज चुकला तर ‘मला माहीतच होतं’ म्हणून सुटते.

पायरी २: थेंब

कापड ताणून धरा, तळहाताएवढ्या उंचीवरून एकच थेंब सोडा आणि तो शोषला जाईपर्यंतचा वेळ मोजा. दर वेळी जागा बदलून तीनदा करा. ‘शोषला’ म्हणजे नेमके काय, हे वर्गानेच ठरवावे: थेंबाची चकाकी गेली की वेळ थांबवायची, हा नियम बरा चालतो.

इथे बहुतेकांचे अंदाज कोसळतात. कापूस पाणी पितो असे सगळे धरून चालतात, पण कोऱ्या मांजरपाटावर थेंब मण्यासारखा बसून राहतो. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो आणि तो पाण्याला आत येऊ देत नाही. नवा टॉवेलही अनेकदा जुन्यापेक्षा मागे पडतो, कारण तो मऊ लागावा म्हणून शेवटी त्यावर सॉफ्टनर चढवलेले असते. काही धुण्यांनंतर ते निघून जाते.

कारण लगेच सांगू नका. मांजरपाटाचा अर्धा तुकडा शिक्षकाने किंवा घरच्या मोठ्या माणसाने धुण्याचा सोडा आणि साबणाच्या पाण्यात अर्धा तास उकळावा, खळखळून धुवून वाळवावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना द्यावा. तेच कापड, तोच ड्रॉपर, आणि थेंब आत! प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड धुऊन रंगवणाऱ्या कारखान्यात, कापड का उकळतात, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

जोडीला आयोडीनचा थेंब: पाण्यात पातळ करून कोऱ्या कापडावर टाकला की निळा-काळा डाग उमटतो. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ देतात आणि खळीत स्टार्च असतो. अलीकडे खळीसाठी कृत्रिम पदार्थही वापरतात, त्यामुळे रंग नाहीच आला तर घाबरू नका; तोही निष्कर्षच. गणवेशावर मात्र हा डाग पडू देऊ नका.

पायरी ३: पट्ट्या, आणि इथे मोबाइल

प्रत्येक कापडाच्या २ सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा. बॉलपेनने दर सेंटिमीटरला खूण करा. दोरीला चिमट्याने लटकवून खालचे टोक रंगीत पाण्यात १ सेंटिमीटर बुडवा. समोर मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर स्थिर ठेवून टाइम-लॅप्स सुरू करा. फोनमध्ये ती सोय नसेल तर दर मिनिटाला एक फोटो पुरे.

मोबाइल इथे मोजमापाचे साधन आहे. २० मिनिटांचा चढ अर्ध्या मिनिटात दिसतो, थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि ‘माझी पट्टी पुढे होती’ हे भांडण पुराव्याने मिटते. थेंबाचा प्रयोग स्लो मोशनमध्ये घेतला तर मेणकट कापडावर थेंब आपटून, पसरून पुन्हा गोळा होताना दिसतो. टॉवेलवरचे धाग्यांचे फासे पाहायला कॅमेऱ्यावर लावायची स्वस्त क्लिप-लेन्स घ्या. कागदी सूक्ष्मदर्शक फोल्डस्कोप असेल तर धाग्यातले सुटे तंतूही दिसतील; तो सुमारे १४० पट मोठे दाखवतो.

शाळेत एकच फोन असेल तर गटांना नंबर लावून द्या आणि बाकीच्यांना हाताने नोंदी घेऊ द्या. चित्रीकरणात हात आणि पट्ट्या यायला हव्यात, मुलांचे चेहरे नकोत.

पायरी ४: आलेख

आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर उंची. रेषा सरळ येत नाही. सुरुवातीला झपकन चढते आणि मग वाकते. पाणी जितके वर जाते तितका ओल्या वाटेचा अडथळा वाढतो, म्हणून दुप्पट उंची गाठायला सुमारे चौपट वेळ लागतो. नववीच्या मुलांना हे त्यांच्याच आकड्यांवर तपासायला सांगा. उंच भागात हिशेब जुळणार नाही, कारण तिथे पाण्याचे वजन आणि बाष्पीभवन आडवे येतात.

बाष्पीभवनाच्या बाबतीत सोलापूर भाग्यवान म्हणायचे! एप्रिलच्या सकाळच्या शाळेत, कोरड्या हवेत एक पट्टी उघडी लावा आणि दुसरी मोठ्या पारदर्शक बरणीखाली. उघडी पट्टी लवकर थबकते. हाच प्रयोग जुलैच्या दमट दिवशी पुन्हा केला की माठातले पाणी पावसाळ्यात तितके गार का होत नाही, हे मुले आपणहून बोलतात.

पायरी ५: आता पडदा

मुलांकडे आता स्वतःचा प्रश्न असतो: पाणी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर जातेच कसे? पाण्याचे रेणू एकमेकांना ओढतात आणि कापसालाही चिकटतात, हे ना डोळ्याला दिसते ना कॅमेऱ्याला. सिम्युलेशनची जागा इथे. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशन फुकट आहेत, त्यातली बरीच मराठीत आहेत आणि डाउनलोड करून इंटरनेटशिवाय चालतात. पदार्थाच्या अवस्थांचे सिम्युलेशन उघडा, रेणूंमधली ओढ दाखवा आणि पुढे ते मुलालाच चालवू द्या. त्यानंतर दीक्षावरचा व्हिडिओ लावला तर मुले त्यात चुका शोधू लागतात, म्हणजे तास जमला. आणखी प्रयोग हवे असतील तर अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊतून खेळणी करण्याच्या छोट्या फिल्म मराठीतही आहेत. सगळे आदल्या रात्री उतरवून ठेवा. वीज आणि नेट यांचा भरवसा तासापुरताही धरू नये.

पायरी ६: मुलांची फिल्म

प्रत्येक गटाने ९० सेकंदांची फिल्म करायची: प्रश्न, अंदाज, काय झाले, काय अजून कळले नाही. शेवटचा भाग सक्तीचा. पार्श्वसंगीत नको, नाहीतर दोन तास गाणे निवडण्यात जातात. फिल्ममधला न सुटलेला प्रश्न घेऊन केगावजवळच्या सोलापूर विज्ञान केंद्रात सहल न्या. प्रश्न नसताना नेली तर ती बागेतलीच सहल होते. चांगली कल्पना निघाली तर ती शालेय विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत पाठवा. निवड झाल्यास प्रतिकृती करायला विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये येतात.

कापडाचा कंटाळा आला तर

मैदानात एक सरळ काठी ओळंब्याने उभी करा आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा. सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडेल असा अंदाज जवळजवळ सगळे लिहितात. सोलापूर साधारण ७५.९ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची. प्रत्येक अंशाला चार मिनिटे धरली तर आपली दुपार, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, सरासरी २६ मिनिटे उशिरा होते. ऋतूनुसार ती १२ वाजून १० ते ४० मिनिटांच्या दरम्यान सरकते. १० मेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या काही दिवसांत काठीची सावली क्षणभर नाहीशीच होते. मेमध्ये शाळा नसते, म्हणून ऑगस्टमध्ये सलग चार-पाच दिवस काठी लावून ठेवा, एखाद्या दिवशी ढग उघडतातच. सूर्याची स्थिती स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या ॲपवर पडताळून पाहता येते, पण तो पडदा खडूच्या खुणा झाल्यावरच उघडा.